उघडं सापडलेलं फाटक

मित्रांनो, मी एक जुनी पावाची गाडी आहे. आता माझ्यात पाव नसतात, माणसं झोपतात. पण उमेदीची वर्षं बेकरीच्या दारात गेली की वास असा सहजासहजी जात नाही. उन्हात तापले की माझ्या आतल्या फळ्यांना अजूनही खमिराचा वास सुटतो. माझी मालकीण नोला म्हणते, त्या वासाने तिला भूक लागते. तिची नणंद ग्वेंडा म्हणते, कसला वास नि कसलं काय. या दोघींचं कशातच एकमत होत नाही, आणि मी ज्या दिवसाची गोष्ट सांगणार आहे तो दिवसही भांडणानेच उजाडला होता.

पण आधी माझ्याविषयी थोडं. माझा जन्म कारखान्यात झाला, इतर गाड्यांसारखाच, त्यात सांगण्याजोगं काही नाही. मला घेतलं वॉली नावाच्या बेकरने. त्याने आत पावाच्या पाट्यांसाठी फळ्या ठोकल्या आणि टपावर एक भलामोठा भोंगा बसवला. आमच्या भागात माती लाल, झुडपं खुरटी आणि घरं एवढी लांब लांब की कुंपणाच्या फाटकापाशी उभं राहिलं तरी घराचं छप्पर दिसत नाही. म्हणून वॉली फाटकापासूनच भोंगा वाजवत जायचा. आम्ही दाराशी पोचेपर्यंत बायका ओले हात पुसत बाहेर आलेल्या असायच्या.

बायकाच नव्हे, मेंढ्यासुद्धा यायच्या. दुष्काळात कुरणात गवत उरत नाही, तेव्हा मालक पिकअपमध्ये दाणा भरून नेतात आणि भोंगा वाजवतात. मेंढ्या भोंग्यामागे जिवाच्या आकांताने पळत येतात. दाण्याचा भोंगा कोणता आणि पावाचा कोणता, हे त्या बिचाऱ्यांना काय कळणार? कित्येकदा पुढे मी आणि मागे अख्खा कळप अशी वरात निघायची. वॉली खिडकीतून डोकं काढून त्यांना शिव्या घालायचा, आणि मग शिळे पाव असतील तर तेही फेकायचा. तो तसा मनाचा मऊ होता.

त्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले, ती आमच्याकडे लेकरं चालायच्या आधी शिकतात. फाटक बंद सापडलं तर आपण गेल्यावर बंद करायचं. उघडं सापडलं तर उघडंच ठेवायचं. का उघडं आहे, ते आपल्याला माहीत नसतं. मालकाला माहीत असतं आणि जनावरांना माहीत असतं, तेवढं पुरतं. चोरी एक वेळ माफ होईल, पण फाटकाची चूक लोक दोन पिढ्या विसरत नाहीत. आणि फाटक उघडायला उतरायचं काम नेहमी शेजारी बसलेल्याचं. चालवणारा कधी उतरत नाही.

वॉलीची बेकरी बंद पडली तेव्हा मर्व्हने मला घेतलं. मर्व्ह लोकर कातरणारा होता. आयुष्यभर वाकून वाकून त्याची पाठ कमानीसारखी झाली होती, पण हातात मोठी कला होती. लोकर कातरायची एक जुनी शेड पाडली गेली, तिथल्या जमिनीच्या फळ्या त्याने आणल्या. किती पिढ्यांच्या मेंढ्या त्या फळ्यांवरून गेल्या होत्या, लोकरीच्या तेलाने त्या आरशासारख्या झाल्या होत्या. त्या फळ्यांचं त्याने माझ्यात कपाट केलं, पलंग केला, घडीचं टेबल केलं. मग तो आणि त्याची बायको नोला दर हिवाळ्यात निघायचे. कुठे जायचं ते निघाल्यावर ठरायचं. समोरून गाडी आली की मर्व्ह स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. आमच्याकडे रामराम तेवढाच, एका बोटाचा. समोरचाही एक बोट उचलायचा. तळावर उतरलो की बाकीची मंडळी माझं कपाट उघडून बघायची, फळ्यांवर हात फिरवायची, आणि मर्व्ह मान खाली घालून उगाच म्हणायचा, "काय त्यात." मला मात्र ते ऐकायला फार आवडायचं.

मर्व्ह जाऊन दोन हिवाळे झाले. मी घरी ज्या शेडमध्ये उभी असते तिचं दार मर्व्ह असताना मी कधी लावलेलं पाहिलं नव्हतं. ते उघडंच असायचं, त्याचा खालचा कोपरा गवतात रुतून बसला होता. मर्व्ह गेल्यावर एके दिवशी नोलाने फावड्याने ते गवत काढलं आणि दार ओढून लावून टाकलं. मग मी अंधारात राहिले. दाराखालच्या फटीतून कोंबड्या येऊन माझ्या पलंगावर अंडी घालू लागल्या. उंदरांनी गादी कुरतडली. गांधीलमाशीने एक्झॉस्टच्या नळीत मातीचं घर बांधलं. राग मी नोलावर धरला नाही. तिचा डावा गुडघा गेला होता, आणि माझा क्लच कडक आहे. दवाखान्यात सांगितलं की थोडं चालवलं तर चालेल, लांबचं विसरा. एकटं माणूस एवढी मोठी गाडी ठेवून करणार काय?

तिच्या मुलाने, ट्रेव्हरने, पर्थला बसल्या बसल्या गिऱ्हाईक शोधलं. विरापुंडा गावात एक नर्स आणि तिचा नवरा होते. त्यांना उत्तरेकडे लांब जायचं होतं. संध्याकाळपर्यंत गाडी आली तर हीच घेऊ, नाहीतर दुसरी एक पाहून ठेवली आहे, उद्या सकाळी निघायचंच आहे, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणजे मित्रांनो, त्या दिवशी संध्याकाळी मी नोलाची राहणार नव्हते. कोंबड्यांना हाकलून, नळी साफ करून, मला धुऊनपुसून नोलाने सकाळी बाहेर काढलं. शेजारच्या सीटवर ग्वेंडा बसली. ती मर्व्हची बहीण. चाळीस वर्षं अ‍ॅडलेडला बुटांच्या दुकानात होती, आता वर्षभर नोलाकडे राहते आहे. तिची स्वतःची एक लहान गाडी आहे, पण ती आपोआप गियर पडणारी.

पहिलं फाटक बंद होतं. ग्वेंडाने उतरून उघडलं, मी गेल्यावर बंद केलं. ते ट्रूडी हॅनरहनचं रान. वाट त्या रानातूनच जाते, सगळेच तिथून जातात. रानातल्या पहिल्या कुरणात पवनचक्की थांबलेली होती आणि तिच्या खालची टाकी सुकलेली दिसत होती. मेंढ्या दूर झुडपांच्या सावलीला पडून होत्या. पुढे दुसरं फाटक लागलं. ते सताड उघडं होतं, आणि त्यातून खुरांची ताजी वाट पलीकडच्या हौदाकडे गेली होती.

आत तोवर भांडण चांगलं रंगात आलं होतं.

"माझ्या भावाने स्वतःच्या हाताने ठोकलेल्या फळ्या तू परक्यांच्या हातात देणार," ग्वेंडा म्हणाली.

"तुझ्या भावाने फळ्या ठोकल्या. गुडघा नाही ठोकून दिला मला."

"ट्रेव्हरला येऊ दे की. तो चालवेल."

"ट्रेव्हर वर्षातून चार दिवस येतो, त्यातले दोन झोपतो. तुला एवढा पुळका आलाय तर तूच चालव ना."

"मला तो दांडा हलवायला जमत नाही, माहीत आहे तुला."

"जमत नाही म्हणजे शिकायचं नाही. बुटं विकायला शिकलीस ना?"

"मर्व्ह असता तर..."

"मर्व्ह नाहीये, ग्वेन," नोला म्हणाली. "मी रोज सकाळी उठते आणि तो नसतो. तुला काय वाटतं, मला ही द्यायची आहे?"

 आम्ही फाटकातून पलीकडे आलो.

"गाडी थांबव," ग्वेंडा म्हणाली.

"इथे? इथे काय आहे?"

"तू आहेस, तेवढं पुरेसं आहे. थांबव."

ती उतरली. माझ्या मागे गेली. बाजूच्या आरशात मला ती दिसत होती. तिने बाहीने डोळे पुसले, नाक पुसलं, पाठ फिरवून जराशी उभी राहिली. मग वळली, आणि वळता वळता तिचा हात फाटकाला लागला. तिने ते ओढलं, कडी घातली, साखळी अडकवली आणि परत येऊन बसली. रागात माणसाचं डोकं एकीकडे असतं आणि हात सवयीचं काम करतात. चाळीस वर्षं शहरात राहून तिच्या हाताला एकच सवय उरली होती, गाडीतून उतरलं की फाटक लावायचं. नोला समोर बघत होती. तिचेही डोळे भरले होते, तिला आरसा दिसलाच नाही.

मला दिसलं. मित्रांनो, त्या क्षणी मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला तोंड हवं होतं. मी खूप थरथरले, पण जुनी गाडी थरथरली तर कुणाला त्यात काय वाटणार? नोला म्हणाली, "मर्व्हने हिच्या इंजिनाखालचे रबर बदलायला हवे होते," आणि आम्ही पुढे गेलो.

दुपारी आम्ही पेट्रोलपंपावर थांबलो. पंप, खानावळ, टपाल आणि गप्पा, या सगळ्याचा मालक एकटा लिंडसे आहे. पारा बेचाळीसपर्यंत गेला होता. गलाह जातीचे काकाकुवे झाडात चोच उघडी टाकून बसले होते. दोघींनी बीट घातलेली सँडविचं घेतली आणि सावलीच्या बाकावर बसल्या. माझी खिडकी उघडी होती, सगळं ऐकू येत होतं.

"हॅनरहनच्या रानातून आलात ना?" लिंडसेने विचारलं. "मधलं फाटक उघडं आहे ना तिथलं? ट्रूडी सकाळी इथून गेली. तिच्या पवनचक्कीचा दांडा तुटलाय. मेंढ्यांना पलीकडच्या हौदावर जाता यावं म्हणून फाटक उघडं टाकलंय आणि ती सुटा भाग आणायला शहरात गेलीये. उद्या दुपारी येईल. मला म्हणाली, जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारत राहा."

"उघडंच आहे," नोला म्हणाली. "उघडं सापडलं, उघडं ठेवलं. आम्हाला काय शहरातले समजतोस?"

"तसं नव्हे हो. मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी लावून गेलं होतं एकाचं. तीस मेंढरं गेली."

ग्वेंडाचा घास तोंडात तसाच राहिला. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. सकाळी त्या हाताने काय केलं, ते तिला आता आठवत होतं. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या दाराला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता ही गप्प बसेल. गप्प बसणं सोपं होतं. कोणी पाहिलं नव्हतं, आणि फाटक लावून गेलेल्या माणसाचं नाव कधीच कळत नाही.

"नोला," ती म्हणाली, "इकडे ये जरा."

"काय गं? ऊन लागलं का?"

"फाटक मी लावलं."

"कुठलं फाटक?"

"मधलं. मी उतरले तेव्हा. साखळीसुद्धा लावली."

नोलाने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती एवढंच म्हणाली, "बस गाडीत."

"थांब. त्याला मीच सांगते," ग्वेंडा म्हणाली. ती आत गेली आणि लिंडसेसमोर उभी राहून, पोरीने मास्तरांपुढे उभं राहावं तशी, सगळं सांगून आली. लिंडसेने फोन फिरवला. ट्रूडीचा लागत नव्हता, तो नेहमी पिकअपमध्ये सीटखाली पडलेला असतो. शेजारचं रान दोन तासांवर. त्याने शहरातल्या दुकानात निरोप ठेवला. मग विचारलं, "आणि तुमचं गिऱ्हाईक?"

"त्यांना सांग, उशीर होईल," नोला म्हणाली.

"संध्याकाळपर्यंतच थांबणार आहेत ना ते?"

"माहीत आहे मला."

आम्ही परत फिरलो. इतक्या उन्हात मला एवढं पळवलेलं मर्व्हला कधी चाललं नसतं. वाटेत माझं पाणी उकळलं, थांबावं लागलं. माझ्यासाठी वेगळा पाण्याचा डबा ठेवायची मर्व्हची शिस्त होती, नोलाने ती मोडली नव्हती. तो डबा संपला.  ग्वेंडाने एकदाच विचारलं, "किती मेल्या असतील गं?"

"गेल्यावर बघू."

फाटक होतं तसंच बंद होतं. फाटकाजवळ एकही मेंढी नव्हती. त्या नव्हत्या म्हणजे कुठे असतील ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. मेंढीला पाण्याचा वास येतो, पण वाट समजत नाही. हौद कुंपणाच्या ज्या कोपऱ्याला जवळ होता त्या कोपऱ्यात अख्खा कळप तारेला चिकटून, एकमेकांवर चढून उभा होता. पाणी पलीकडे दिसत होतं. फाटकाकडे यायचं तर पाण्याकडे पाठ करावी लागली असती, आणि तहानलेली मेंढी ते कधी करत नाही.

ग्वेंडाने फाटक उघडलं.  आम्ही कुंपणाच्या कडेने कोपऱ्यापर्यंत गेलो. दोघी उतरल्या, ओरडल्या, टोप्या हलवल्या. मेंढ्या हलेनात. तळाशी एक दबली होती. नोलाने वरच्या दोघींना बाजूला ढकलून तिच्या पायांना धरून ओढली. मेंढी बाहेर आली, पण मेलेली होती. आणि तिच्यासोबत नोलाही खाली बसली, गुडघा धरून.

"मोडला का?" ग्वेंडा घाबरून म्हणाली.

"मोडला नाही. फिरलाय." नोलाचा चेहरा पांढरा पडला होता. "आता या पायाने क्लच दाबला जायचा नाही."

"मग?"

"मग काय मग. तू दाब."

"नोला, मला येत नाही."

"मला माहीत आहे तुला येत नाही. मेंढ्यांना माहीत नाही ना. बस."

ग्वेंडाने नोलाला काखेत धरून शेजारच्या सीटवर चढवलं आणि स्वतः मर्व्हच्या जागेवर बसली. मित्रांनो, मी इतकी वर्षं चालले, पण एवढ्या वेळा एका जागी बंद पडल्याचं मला आठवत नाही. मी उडी मारायची नि मरायची, उडी मारायची नि मरायची.

"पाय हळू सोड. हळू. बुटाची लेस सोडतेस का तू, अशी काय सोडतेस?"

"तू ओरडू नकोस, मला काही सुचत नाही."

"बरं, नाही ओरडत. आता दाब. गियर पहिला. आता सोड, सोड, सोड... थोडं पेट्रोल दे."

मी चालू लागले. पहिल्याच गियरमध्ये, माणसाच्या पावलाने. आणि तेवढंच हवं होतं. नोलाने हात पुढे करून वॉलीच्या त्या जुन्या भोंग्याचं बटण दाबलं. वर्षानुवर्षं कुणी तो वाजवला नव्हता. आधी नुसतीच धूळ निघाली, मग खोकला, आणि मग तो त्याच्या जुन्या घोगऱ्या आवाजात ओरडला.

कोपऱ्यातली एक म्हातारी मेंढी वळली. तिने कान टवकारले. दाण्याच्या भोंग्याची सवय तिच्या अंगात असणार, तिने पाण्याकडे पाठ केली आणि ती माझ्या मागे निघाली. तिच्या मागे दुसरी, मग चार, मग सगळ्याच. नोला भोंगा वाजवत होती, ग्वेंडा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकल्यासारखी धरून होती, आणि माझ्या मागे कुंपणाच्या कडेने लाल धुळीत अख्खा कळप चालला होता. वॉलीच्या वेळेसारखाच. मला फार आनंद झाला, ते लपवण्यात काही अर्थ नाही.

"मागे बघू का?" ग्वेंडाने विचारलं.

"बघू नकोस. आरशात बघ."

"येतायत?"

"येतायत. डावीकडे घे आता, फाटक आलं. घासलंस तरी चालेल."

तिने मला घासलं. माझ्या उजव्या अंगावर त्या खांबाची खूण अजून आहे. फाटकातून बाहेर पडल्यावर पाणी दिसताच मेंढ्या आम्हाला मागे टाकून हौदाकडे पळाल्या आणि आम्हाला साफ विसरल्या. ग्वेंडाने ब्रेक दाबला, क्लच दाबायला विसरली, आणि मी शेवटची उडी मारून बंद पडले. तिने स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि रडू लागली. नोलाने तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "मर्व्हनेसुद्धा पहिल्या दिवशी खांबाला घासलं होतं. डाव्या बाजूला. त्याने कुणाला सांगितलं नाही."

ते खरं आहे. ती खूण माझ्या डाव्या अंगावर अजून आहे.

त्यानंतर विरापुंडाला जाण्यात अर्थ नव्हता. तिथली माणसं तोवर दुसऱ्या गाडीत सामान भरायला लागली असतील. नोलाने ग्वेंडाला मेलेली मेंढी फाटकाजवळ झुडपाच्या सावलीत ओढायला लावली, आणि ट्रूडीला दिसेल अशी खांबाला आपली टोपी अडकवली. मग त्या घराकडे निघाल्या. चालवत ग्वेंडाच होती. आता तिला दुसरा गियरही सापडला होता, तिसऱ्याची मात्र तिला धास्ती वाटत होती.

सूर्य खाली गेल्यावर समोरून धूळ उडवत पिकअप आली. ग्वेंडाने स्टिअरिंगवरून एक बोट उचलायला पाहिलं, पण तिला हात सोडायची भीती वाटली, म्हणून तिने दोन्ही हातांची सगळी बोटं एकदम उचलली. पिकअप थांबली. खिडकीतून उन्हाने भाजलेला चेहरा डोकावला. ती ट्रूडी.

"दुकानातून निरोप मिळाला, तशी मागच्या जवळच्या वाटेने आले," ती म्हणाली. "कुणी लावलं होतं?"

"मी," ग्वेंडा म्हणाली. "एक मेली. तुमची भरपाई..."

"एकच?"

"एकच."

ट्रूडीने पलीकडे बघून डोळे बारीक केले. "फाटक लावून जाणारे मला दर उन्हाळ्याला भेटतात," ती म्हणाली. "परत येऊन उघडणारं अजून कुणी भेटलं नव्हतं." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ही वॉलीची पावाची गाडी ना? हिच्या भोंग्याने माझी आई चुलीवरचं सोडून पळायची."

पिकअप निघून गेली. 

"ट्रेव्हर ओरडेल," ग्वेंडा म्हणाली.

"ओरडू दे. पर्थहून ऐकू येत नाही." मग नोला म्हणाली, "हिवाळ्यापर्यंत तिसरा गियर जमेल का तुला?"

"जमवायला लागेल ना. तुझा गुडघा तर गेलाच."

घरी पोचलो तेव्हा उजेड होता थोडा. शेजारी बसलेलीने उतरायचं असतं, म्हणून नोला लंगडत उतरली आणि तिने शेडचं दार उघडलं. ग्वेंडाने मला आत घातलं, दोनदा बंद पाडून. मग ती उतरली, थकून भागून, आणि बाहेर पडता पडता तिचा हात सवयीने दाराला लागला.

"राहू दे," नोला म्हणाली.

"कोंबड्या शिरतील रात्री."

"शिरू देत. मी लग्न करून या घरात आले तेव्हा हे दार मला उघडंच सापडलं होतं."

ग्वेंडाने हात काढून घेतला. दोघी घराकडे गेल्या. नोला ग्वेंडाच्या खांद्याचा आधार घेऊन चालत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंचं मागणं मोठं नसतं. महिन्यातून एकदा बाहेर काढा, पाणी बघा, तेल बघा, उंदरांना फार लाडावू नका. पण त्याआधी एक करा. दुःखात किंवा रागात तुमचा हात एखाद्या दाराला लागला, तर ते लावण्याआधी एकदा मागे वळून बघा. पलीकडे कुणी पाण्याची वाट बघत नाही ना, एवढंच बघा. हा हिवाळा आता जवळ आला आहे. ग्वेंडाचा तिसरा गियर अजून कर्कश वाजतो, आणि मी रोज त्याची वाट बघते.